लांब म्हणजे नेमकं कसं?

बालमित्रांनो, पुण्याच्या महात्मा फुले मंडईत एक फेरी मारली, तर भाजीबरोबर शब्दही पिशवीत भरून आणता येतात, बरं का! पडवळ, शेवग्याची शेंग, गाजर आणि तोंडलं यांचा आकार सांगा म्हटलं, की पुष्कळ मुलं एकच शब्द वापरतात – ‘लांब’. पण नीट बघा. पडवळ लांबलचक, शेंग लांबसडक, गाजर टोकाकडे निमुळतं आणि तोंडलं लंबगोल! थोडंसंच लांब असलेलं वांगं लांबट, तर रुंदीपेक्षा उंची जास्त असलेला चेहरा उभट. आजीला विचारा, तिच्याकडे आणखी शब्द निघतील.

विज्ञानाला तर असा नेमका शब्द लागतोच. सरळ पाइप सगळीकडे सारख्याच जाडीचा, म्हणून तो दंडगोल. दुधाचं दही करणाऱ्या ‘लॅक्टोबॅसिलाय’ जीवाणूंचा आकार काठीसारखा, म्हणून ते दंडाकार. ‘बॅसिलस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘छोटी काठी’!

आता एक गंमत. अंडाकृती आणि लंबवर्तुळ यांत फरक काय? अंड्याचं एक टोक रुंद, तर दुसरं निमुळतं. लंबवर्तुळाची दोन्ही टोकं अगदी सारखी. एवढ्याशा फरकानं काय बिघडतं, असं वाटलं ना? योहानेस केप्लर हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ मंगळाचा मार्ग शोधत होता. ग्रह वर्तुळातच फिरतात, असं तेव्हा मानत. पण टायको ब्राहेनं केलेल्या निरीक्षणांशी वर्तुळ जुळेना. केप्लरनं अंडाकृती मार्ग घेऊन पाहिला, तोही जुळेना. शेवटी लंबवर्तुळ जुळलं! हे त्यानं 1609 साली पुस्तकात मांडलं. मंगळाची कक्षा दिसायला जवळजवळ गोलच आहे. ‘चालतंय की’ म्हणून तो थांबला असता, तर ग्रहांचा हा नियम त्याच्या हातून निसटला असता.

तुम्हीही लंबवर्तुळ काढा. जाड पुठ्ठ्यावर कागद ठेवून मोठ्यांच्या मदतीनं दोन टाचण्या टोचा. दोन्हींभोवती दोऱ्याचा सैलसर फास टाका. पेन्सिलीनं दोरा ताणून धरत एक फेरी पूर्ण करा. मग टाचण्या थोड्या दूर टोचून पुन्हा काढा. आकृती आणखी लांबट होईल.

आणि पालकांनो, आज भाजी निवडताना मुलांना एवढंच विचारा, ‘लांब? म्हणजे कशी रे?’