मातीतले आंधळे शेजारी

गेल्या भाद्रपदात गणपतीच्या सुटीत आम्ही चौघे विद्यार्थी एका वर्गमित्राच्या आजोळी अणशीस गेलो होतो. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या, म्हणजे आपले वडीलधारे ज्याला अजून कारवार जिल्हाच म्हणतात त्याच्या, जोयडा तालुक्यातले हे गाव ऐन सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले आहे. येथूनच रस्ता घाट उतरून कद्र्याच्या बाजूस जातो. भोवतालचे अरण्य 1987 साली राष्ट्रीय उद्यान झाले, 2007 साली दांडेलीच्या अरण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला आणि 2015 पासून त्यास काळी नदीचे नाव मिळाले. साहजिकच आम्ही गेलो ते वाघाच्या आशेने. वाघ काही दिसला नाही. दिसला तो वीतभर लांबीचा, करंगळीएवढ्या जाडीचा एक प्राणी; आणि त्याने आम्हांला जे शिकविले ते वाघाने शिकविले असते की नाही, याची शंकाच आहे.

घडले ते असे. मित्राचे आजोबा पोफळीच्या बागेतला चर साफ करीत होते आणि आम्ही त्यांना मदतीच्या नावाखाली अडथळा करीत होतो. कुदळीने उलथलेल्या एका ढेकळातून जांभळट करड्या रंगाचे, ओलेचिंब, चकचकीत असे काहीतरी वळवळत बाहेर आले. "साप! साप!" म्हणून आमच्यापैकी एकाने कुदळ उचललीही. आजोबांनी त्याचा हात वरच्या वर धरला.

"थांब रे पोरा! साप कुठला तो? त्याला डोळे तरी दिसतात का बघ."

"आजोबा, पण चावला म्हणजे?"

"तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून ह्या चरात हात घालतोय मी. मातीतला जीव आहे, मातीत जाऊ दे त्याला."

आम्ही खाली वाकून निरखून पाहिले. खरोखरच डोळे दिसेनात. अंगावर खवले नव्हते. गांडुळासारखी वळी होती. शेपूट कोठे सुरू होते तेही कळेना. परंतु तोंड होते, जबडा होता, आणि तो जबडा गांडुळाचा खास नव्हता. क्षणभर ते डोके इकडे तिकडे टेकवीत राहिले, मग चराच्या कडेच्या मऊ मातीत त्याने डोके खुपसले आणि पाहता पाहता सबंध शरीर आत ओढून घेतले.

सुटी संपल्यावर आमच्या विज्ञानशिक्षकांना हा वृत्तान्त सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले, "तुम्ही देवगांडूळ पाहिलेत. आता मला सांगा, जिथे दिवसरात्र सारखाच काळोख, तिथे डोळ्यांवाचून त्याचे काय अडले?" ह्या एका प्रश्नापायी आम्ही सगळे पुढील दोन महिने ग्रंथालयात बसलो. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडीत आहोत.

भूगर्भातील आंधळ्या प्राण्यांत ज्यांचा अभ्यास विशेष झाला आहे ते उंदरांच्या जातकुळीतले आहेत. आपल्याकडे बिळे करणारे उंदीर थोडे नाहीत. शेतात धान्याची कोठारे भरणारी लहान घूस तर इंग्रजीत चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या एका परदेशी आंधळ्या प्राण्याचे नाव घेऊन मिरवते. पण तिला चांगले दोन डोळे आहेत आणि रात्री ती बाहेर येऊन ते वापरतेही. (घुशीचे इंग्रजी नाव 'बॅंडिकूट' हे तेलुगूतील 'पंदि-कोक्कु', म्हणजे डुक्करउंदीर, ह्या शब्दावरून आले आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.) खरा आंधळा उंदीर पाहायचा तर इस्राएल, तुर्कस्तान अशा भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील देशांत जावे लागेल. स्पॅलॅक्स ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या उंदराचा डोळा एक मिलिमीटरहूनही लहान असतो, आणि तोही त्वचेखाली व केसांखाली पुरता झाकलेला. त्यास पापणी नाही, फट नाही. ह्या डोळ्याने त्याला आकृती अशी कोणतीच दिसत नाही.

तथापि तो डोळा अगदीच निरुपयोगी आहे असे मात्र नाही. त्वचेतून झिरपणारा अंधुक प्रकाश त्यातील पटलास जाणवतो आणि त्यावरून शरीरातील दिवसरात्रीचे घड्याळ लागते. डोळा हा पाहण्यासाठीच असतो, ही आपली समजूत येथे खोटी ठरते. त्याहूनही नवलाची गोष्ट मेंदूची. ज्या भागाने इतर प्राणी पाहतात, तो भाग ह्या उंदरात ओसाड पडलेला नाही. कानावाटे येणाऱ्या संदेशांनी त्याचा ताबा घेतला आहे. घरातील एखादा मुलगा परगावी गेला की त्याची खोली दुसरा भाऊ अभ्यासाला घेतो, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

मग हा उंदीर आपल्या भाईबंदांशी बोलतो कसा? वाचकहो, बिळात तोंडाने ओरडून फारसा उपयोग नाही. तो आवाज थोड्याच अंतरावर विरून जातो. परंतु मातीचा कंप दूरवर जातो. म्हणून हा प्राणी आपले चपटे डोके बिळाच्या छतावर ठराविक लयीत आपटतो. पलीकडील बिळातला शेजारी आपला खालचा जबडा भिंतीला टेकवून तो ठोका ऐकतो, आणि वाटल्यास उलट ठोका देतो. ह्या जातीचे प्राणी एकेकटे राहणारे आणि मोठे भांडखोर असतात. दोघांची बिळे एकमेकांत उघडली तर प्राणांवर बेतण्याचा प्रसंग येतो. तेव्हा 'इकडे मी आहे, तू तिकडेच राहा' एवढे आधीच कळविलेले बरे. भिंतीवर ठोकून शेजाऱ्याला गप्प करण्याची पद्धत आमच्या वसतिगृहातही आहे, पण तिचा उगम इतका प्राचीन असेल अशी आम्हांस कल्पना नव्हती.

ह्याच्या अगदी उलट स्वभाव पूर्व आफ्रिकेतील केसहीन उंदराचा. सोमालिया, इथिओपिया, केनिया येथील कोरड्या, कठीण जमिनीत हे 70-80 जणांचे कुटुंब करून राहतात. कधी त्याहून पुष्कळ अधिकही. मधमाश्यांप्रमाणे एकच राणी प्रसवते आणि बाकीचे राबतात. ह्यांचे डोळे बारीक व जवळजवळ निकामी असतात. मात्र उघड्या अंगावर विरळ असे काही लांब केस असतात, त्यांना भिंतीचा स्पर्श झाला की प्राण्याला वाट कळते. तो दातांनी खणतो, परंतु ओठ दातांच्या मागे मिटत असल्यामुळे तोंडात माती जात नाही. हे आपसांत सतत किलबिलत असतात. 2021 साली शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की प्रत्येक वसाहतीची किलबिल निराळी असते आणि पिल्ले ती वाढत्या वयात शिकतात; दुसऱ्या वसाहतीत नेलेले पिल्लू तिथली बोली उचलते. गर्दीच्या बिळात हवा कोंदट होणारच. त्यावरही ह्या प्राण्याने मात केली आहे: 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्राणवायूचा अंशही नसलेल्या हवेत तो 18 मिनिटे तग धरून राहिला व पुन्हा हिंडूफिरू लागला.

झांबियातील त्यांच्या एका भाऊबंदाची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्याला वर्तुळाकार पेटीत ठेवले की तो आपले घरटे आग्नेय दिशेस बांधी. 1990 साली विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने पेटीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र फिरविण्यात आले, तेव्हा घरट्याची जागाही तितकीच फिरली. म्हणजे ज्याला सूर्य ठाऊक नाही, त्याच्याजवळ होकायंत्र आहे!

आता आपल्या चरातल्या पाहुण्याकडे परत येऊ. देवगांडूळ हे उंदीर नव्हे, साप नव्हे आणि नावात असूनही गांडूळ नव्हे. ते बेडकाच्या गोत्रातले, म्हणजे उभयचर वर्गातले आहे. बेडूक एक, सॅलॅमॅंडर दुसरा आणि पाय गमावून बसलेले हे तिसरे. त्याचे शास्त्रीय कुलनामच लॅटिनमधील 'आंधळा' ह्या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. काही जातींत डोळे त्वचेखाली काळ्या ठिपक्यासारखे दिसतात. काहींत ते चक्क कवटीच्या हाडाखाली गेलेले असतात.

परंतु निसर्गाने येथेही खोली रिकामी ठेवली नाही. देवगांडुळाच्या नाकपुडी व डोळा ह्यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंस एकेक बारीक स्पर्शिका असते. ती बाहेर येते आणि आत जाते. पृथ्वीवरील इतर कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्याला असे इंद्रिय नाही. तिच्या योगे मातीतील गंधकण नाकाच्या आतील भागापर्यंत पोचतात आणि काळोखात भक्ष्याचा माग लागतो. ही स्पर्शिका आत ओढणारा स्नायू मूळचा डोळा आत ओढणारा आहे, आणि तिला ओलावा देणारी ग्रंथी मूळची डोळा ओला ठेवणारी. डोळा गेला; त्याचे नोकरचाकर मात्र नव्या धन्याकडे कामाला राहिले. स्पॅलॅक्सच्या मेंदूत जे घडले तेच निराळ्या वाटेने येथे घडले आहे. ह्या दोन प्राण्यांचा परस्परांशी काडीचाही जवळचा संबंध नसताना हे घडावे, ह्याचे आम्हांस सर्वांत अधिक आश्चर्य वाटले.

खणण्याचे साधन म्हणजे त्याची कवटीच. ती घट्ट, एकसंध व पाचरीसारखी असते. बाह्य कान त्याला नाही. जमिनीचा कंप मात्र त्याला जाणवतो. इक्थिओफिस ह्या वंशातील मादी ओल्या मातीत अंडी घालून त्यांभोवती वेटोळे करून बसते, हे सारासिन आडनावाच्या दोघा आप्तांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंहलद्वीपात अभ्यासिले होते. त्या अंड्यांतून निघालेल्या डिंभांना काही काळ पाण्यात काढावा लागतो, आणि त्या अवस्थेत पाण्यातील क्षीण विद्युत्प्रवाह जाणण्याची शक्तीही त्यांच्यापाशी असते. मोठेपणी जमिनीत शिरल्यावर ती उरत नाही.

आई आणि पिल्ले ह्यांच्यातील व्यवहार तर चकित करणारा आहे. केनियातील एका जातीची पिल्ले आईच्या अंगावरील पौष्टिक त्वचा खरवडून खातात, हे 2006 साली उजेडात आले. ब्राझीलमधील एका जातीची माता पिल्लांना दुधासारखा स्निग्ध द्रव पाजते, हे 2024 साली कळले. पिल्ले तिच्या शरीराच्या टोकाशी घोळका करून अंग घासतात, बारीक आवाज काढतात आणि मग तिला पान्हा फुटतो. आंधळ्या आईला आंधळ्या लेकराची भूक अशी कळते.

आपल्या सह्याद्रीतील देवगांडुळांचे संशोधन अजून ताजे आहे. खंडाळ्याच्या एका जातीचे वर्णन एडवर्ड टेलर ह्यांनी 1960 साली केले. पुढे 2003 साली आंबोलीची एक जात व रत्नागिरी जिल्ह्यातील दोर्ले गावची दुसरी जात शास्त्रास ज्ञात झाली. दुसरीला म्हैसूरचे प्राणिशास्त्रज्ञ शेषाचार ह्यांचे नाव मिळाले, आणि ती अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते, असे 2008 साली सिद्ध झाले. आशिया खंडातील उभयचरांत असे हे पहिलेच ज्ञात उदाहरण. 2007 साली चोर्ल्याजवळच्या एका जातीला म्हादई नदीचे नाव देण्यात आले. अणशीच्या चरातले आमचे देवगांडूळ ह्यांपैकी कोणाचे सगोत्र, हे आम्ही सांगू शकत नाही; त्यासाठी जाणकाराने ते हातात घेऊन वळी मोजावी लागतात, आणि ते तर केव्हाच मातीत गेले होते.

साप समजून मारले जाणे, हा ह्या प्राण्याचा नित्याचा मृत्यू. वाळा आणि खापरखवल्या हे बिनविषारी सापही ह्याच गैरसमजाने मरतात. पावसाळी रात्री बिळात पाणी भरले म्हणजे देवगांडूळ वर येते आणि रस्त्यावर आले तर गाडीखाली सापडते. त्याची त्वचा सदैव ओली राहिली पाहिजे, कारण तो तिच्यातूनही श्वास घेतो. ज्या त्वचेतून हवा आत जाते, तिच्यातून शेतात फवारलेले औषधही जाऊ शकते. गांडुळे आणि वाळवी खाऊन, माती भुसभुशीत करून राहणाऱ्या ह्या जीवाचे माणसाशी कसलेच वैर नाही. तो सापासारखे विष टोचीत नाही. त्वचेचा स्राव मात्र त्याच्या शत्रूंना बाधक असतो, म्हणून हाताळल्यास हात धुवावेत, एवढेच.

अणशीहून निघण्याच्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्या चरापाशी गेलो होतो. रात्रभर पाऊस कोसळला होता. आदल्या दिवशी देवगांडूळ जेथे शिरले होते तेथे करंगळीएवढे एक गुळगुळीत भोक तेवढे दिसले. ज्याने कुदळ उचलली होती, त्याने गुडघे टेकून तिथे बराच वेळ कान लावला. काय ऐकू आले, म्हणून आम्ही विचारले. तो म्हणाला, "पाणी." दुपारी गाडी निघण्यापूर्वी पाहिले तर ते भोकही बुजून गेले होते.