पळसदरीचा धबधबा फुकट आहे, मग इमॅजिकाला लोक का जातात? आणि एवढे जाऊनही ते कमी का पडले?

पावसाळ्यातला कुठलाही रविवार घ्या. खोपोली लोकल कर्जत सोडते आणि पुढच्याच स्टेशनला पोरांचे घोळके उतरतात. पाठीवर सॅक, हातात कर्जतच्या वड्यांची पुडी. स्टेशनचं नाव पळसदरी.

इथं डोंगर आहे, तलाव आहे, पाऊस पडला की धबधबे आहेत. तिकीट नाही, रांग नाही.

रूळही इथूनच वेगळे होतात. पुण्याच्या गाड्या बोरघाट चढायला लागतात आणि खोपोली लोकल केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला पोचते. तिथून थोडं पुढं, खोपोली-पाली रस्त्यावर, सांगडेवाडीत इमॅजिका उभं आहे. खर्च सुमारे १,६०० कोटी. ४० मीटर उंचीचा, ताशी १०५ किलोमीटर वेगानं पळणारा, पाच वेळा माणसाला उलटंपालटं करणारा ‘नायट्रो’ तिथलाच.

एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं, तेव्हा ‘आपलं डिझ्नीलँड आलं’ असं लोक म्हणत होते. पुढच्या नऊ वर्षांत कर्जानं कंपनी इतकी वाकली की पार्कचा मालकच बदलला.

राइड चांगल्या होत्या, जागा मोक्याची होती, मुंबई आणि पुणे दोन्हीकडून रस्ता होता. मग माशी शिंकली कुठं? काही थीम पार्कला माणसं लोटतात आणि काहींना ती कमी का पडतात?

आधी माणसं मोजायची, मग राइड

गोष्ट १९५३ सालची. वॉल्ट डिझ्नी यांना पार्क काढायचं होतं, पण कुठं काढायचं ते कळत नव्हतं. त्यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या हॅरिसन प्राइस यांना कामाला लावलं. प्राइस यांनी राइडचा विचार केलाच नाही. लॉस एंजेलिसची वस्ती कुठल्या दिशेनं सरकतेय, नवा महामार्ग कुठून जाणार आहे, पाऊस कुठं कमी पडतो, हे त्यांनी तपासलं आणि अनाहाइममधल्या संत्र्याच्या बागांवर बोट ठेवलं. १७ जुलै १९५५ ला तिथं डिझ्नीलँड उघडलं.

तेव्हापासून या धंद्याचं पहिलं गणित ठरलंय. पार्कपासून दोन-तीन तासांच्या अंतरात माणसं किती राहतात आणि त्यांतली शंभरात किती जण वर्षातून एकदा येतील?

हे गणित खोपोलीला लावून बघू. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. ठाणे जिल्हा, म्हणजे पालघर वेगळा होण्याआधीचा, १ कोटी १० लाख. पुणे जिल्हा ९४ लाख, रायगड २६ लाख. बेरीज साडेतीन कोटींच्या वर जाते. शंभरातले पाच आले तरी वर्षाला १७-१८ लाख, दहा आले तर ३५ लाख.

कागदावर ही जागा सोन्यासारखी आहे. पण हा पाच किंवा दहाचा आकडा आपोआप येत नाही, तो कमवावा लागतो.

घरापासून गेटपर्यंत

पहिला अडथळा रस्त्याचा. तुम्ही म्हणाल, एक्स्प्रेस वे तर जवळच आहे! आहे की. पण ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी.

डोंबिवलीतल्या किंवा चिंचवडमधल्या ज्या घरात गाडी नाही, त्याचा हिशेब वेगळा. कर्जत-खोपोली मार्गावर लोकल मोजक्याच. एक चुकली की फलाटावर बसून राहायचं. खोपोलीला उतरलं की पुढं रिक्षा. परतीला तेच उलट्या क्रमानं, तेही दमलेल्या पोरांना घेऊन. म्हणून तर इमॅजिकाला मुंबई-पुण्यातून स्वतःच्या बसची सोय करावी लागली.

याउलट टोकियो डिझ्नीलँड बघा. १५ एप्रिल १९८३ ला ते सुरू झालं आणि १९८८ मध्ये जवळच माइहामा रेल्वे स्टेशन झालं. टोकियोच्या मुख्य स्टेशनातून गाडीत बसलं की वीस मिनिटांच्या आत माणूस तिथं पोचतो. कोविडच्या आधी तिथं वर्षाला पावणेदोन कोटींच्या आसपास लोक जायचे. शाळा सुटल्यावर संध्याकाळी चक्कर मारून येणारीही मुलं तिथं आहेत. खोपोलीला संध्याकाळची चक्कर होत नाही, आख्खा दिवस काढावा लागतो.

मुंबईकरांना दुसरं उदाहरण आठवेल. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये उघडलं. होडीतून जायचं, हीच तेव्हाची अर्धी मजा होती. नव्वदच्या दशकात शाळेची सहल म्हणजे एस्सेलवर्ल्ड हे ठरलेलंच. पुढं शहरात मॉल आले, मॉलमध्ये गेम झोन आले, मग होडीचा कंटाळा यायला लागला. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं, शेजारचं वॉटर किंगडम मात्र सुरू राहिलं.

तिकीट म्हणजे खर्चाची सुरुवात

आता खिशाकडे येऊ.

समजा, माणशी तिकीट हजार रुपये आहे. आई, बाबा, दोन पोरं म्हणजे चार हजार. त्यात पेट्रोल, टोल, पार्किंग, आतलं जेवण, वेफर, पाण्याच्या बाटल्या, फोटो आणि पोरानं हट्ट धरलेलं खेळणं. सहल सहा-सात हजारांवर सहज जाते. अनेक घरांत हा महिन्याचा किराणा असतो.

वर सरकारचा कर. १ जून २०१५ पासून अशा पार्कच्या तिकिटावर सेवाकर लागला, तोही १४ टक्के. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा थीम पार्क थेट २८ टक्क्यांच्या रांगेत गेलं. जानेवारी २०१८ मध्ये दर १८ टक्क्यांवर आला. पण ज्या महिन्यांत २८ टक्के होता तेव्हा हजाराच्या मूळ तिकिटावर २८० रुपये करच जात होता.

आणि समोर स्पर्धा कोणाची? लोकांना वाटतं एका पार्कची दुसऱ्या पार्कशी. प्रत्यक्षात स्पर्धा असते पळसदरीच्या धबधब्याशी, कर्जतच्या फार्महाऊसशी, लोणावळ्याच्या भुशी डॅमशी आणि गावी जाण्याशी. रविवार एकच असतो आणि पैसेही तेवढेच.

अर्थात धबधब्यालाही किंमत असते, ती तिकिटावर छापलेली नसते इतकंच. रायगडमध्ये दर पावसाळ्यात धबधब्यांवर, धरणांवर माणसं दगावतात, मग प्रशासन बंदीचे आदेश काढतं. सोबत आजी असेल, लहान मूल असेल तर कपडे बदलायची जागा आणि स्वच्छतागृह लागतं. मुलींच्या ग्रुपला निर्धास्तपणे भिजता येईल अशी जागा लागते. लोक पार्कला पैसे मोजतात ते यासाठीही. राइड इतकंच सुरक्षित, स्वच्छ आणि ठरल्याप्रमाणे पार पडणारा दिवस हे पार्क विकत असतं. ज्यांना हे कळलं त्यांचं गेट भरलं.

रविवारी चेंगराचेंगरी, मंगळवारी शुकशुकाट

वर्षाला १५ लाख लोक आले असं धरा. रोजचे सरासरी ४,१०० होतात. पण माणसं सरासरीनं येत नाहीत! ती रविवारी येतात, मे महिन्यात येतात, दिवाळी-नाताळच्या सुट्टीत येतात.

म्हणजे पार्क बांधायचं दहा-बारा हजारांच्या दिवसासाठी. तेवढं पार्किंग, तेवढी टेबलं, तेवढ्या राइड. आणि मंगळवारी हजारभर लोक आले तरी वीज, देखभाल, सुरक्षारक्षक, पगार चालूच. त्यात खालापूर-कर्जतचा पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, तोही चार महिन्यांत. धबधब्याचा जो हंगाम, तोच रोलर कोस्टरचा अडचणीचा काळ.

त्यामुळे गर्दी खेचणारी पार्क खरी मेहनत करतात ती मंगळवारवर. शाळांच्या सहली, कॉलेजचे ग्रुप, कंपन्यांच्या पिकनिक, आठवड्यातल्या दिवसांना कमी दर.

‘वंडरला’ला हे चांगलं जमलंय. २००० मध्ये कोचीला एक पार्क, २००५ मध्ये बंगळुरूजवळ बिडदीला दुसरं, २०१६ मध्ये हैदराबादला तिसरं. झगमगाट बेतानं, काही राइड तर कंपनी स्वतःच बनवते. पाण्याच्या आणि कोरड्या राइड एकाच तिकिटात. शाळा-कॉलेजच्या ग्रुपवर भर. २०२२-२३ मध्ये या तीन पार्कना मिळून ३० लाखांहून जास्त लोक आले.

इमॅजिकानंही ऑक्टोबर २०१४ मध्ये वॉटर पार्क जोडलं. वॉटर पार्क बांधायला तुलनेनं स्वस्त आणि उन्हाळ्यात माणूस तिथं पुन्हा पुन्हा जातो. मे महिन्याच्या घामात कुणाला गोष्ट ऐकायची नसते, पाण्यात पडायचं असतं.

एकदा बघितलं, आता पुन्हा कशाला?

हा प्रश्न पार्कचं आयुष्य ठरवतो.

पहिल्या वर्षी सगळे कुतूहलानं येतात. फोटो टाकून होतात. दुसऱ्या वर्षी येणारा माणूस दोन कारणांनी येतो. एक तर काहीतरी नवं असतं, किंवा आतल्या गोष्टीशी त्याचं नातं असतं.

डिझ्नीकडे हे नातं आधीपासून होतं. मिकी माऊस १९२८ मध्ये पडद्यावर आला, पार्क आलं १९५५ ला. म्हणजे २७ वर्षं लोकांनी ज्याला पडद्यावर पाहिलं, त्याच्या घरी जायची ती संधी होती. इमॅजिकाला ‘टबी’ हत्तीसारखी पात्रं शून्यातून उभी करावी लागली. पोरांनी त्याला टीव्हीवर कधी पाहिलेलं नव्हतं. ‘मिस्टर इंडिया’वरच्या राइडचं तसं नाही. तिथं मोगॅम्बोची ओळख करून द्यावी लागत नाही. चौकजवळच्या एनडी स्टुडिओतही लोक ‘जोधा अकबर’चे सेट बघायला जायचे, कारण सिनेमा आधीच बघितलेला होता.

शिर्डीत हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं चालते. तिथं मालपाणी समूहाचं ‘साई तीर्थ’ हे भक्तीवर बेतलेलं थीम पार्क आहे, शेजारी वॉटर पार्क आहे. लोक शिर्डीला दर्शनासाठी येणारच असतात. पार्कला त्यांना घरातून बाहेर काढावं लागत नाही, फक्त तीन-चार तास थांबवून घ्यावं लागतं.

गर्दी असूनही पार्क बुडू शकतं

फ्रान्सचं उदाहरण घ्या. १२ एप्रिल १९९२ ला पॅरिसजवळ युरो डिझ्नी उघडलं. लाखोंनी लोक आले, तरी १९९४ पर्यंत कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती. कर्ज प्रचंड, तिकीट महाग आणि जेवणासोबत वाइन लागणाऱ्या युरोपीय माणसाला पार्कमध्ये ती मिळत नव्हती. मग कर्जाची फेररचना झाली, नाव बदललं, तिकीट स्वस्त केलं, १९९५ मध्ये नवा मोठा रोलर कोस्टर आणला. त्याच वर्षी पहिल्यांदा नफा दिसला.

खोपोलीचं दुखणंही याच जातीचं. मनमोहन शेट्टी यांनी ॲडलॅब्सच्या माध्यमातून मोठं स्वप्न उभं केलं, पण ते मोठ्या कर्जावर उभं होतं. मार्च २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा प्रतिसाद थंड म्हणून शेअरचा किंमतपट्टा खाली आणावा लागला. सोबत हॉटेल आलं, स्नो पार्क आलं. लोक येत होते, पण व्याज त्याहून वेगानं येत होतं. मार्च २०२० मध्ये कोविडनं गेटच बंद केलं.

इथं पणाला फक्त मालकाचे पैसे नव्हते. कर्ज देणाऱ्यांत सरकारी बँका होत्या, म्हणजे सामान्य ठेवीदारांचे पैसे. आसपासच्या गावांतल्या पोरांच्या नोकऱ्या होत्या, रिक्षावाले आणि खानावळवाले होते. जून २०२२ मध्ये बँकांनी कर्जाचा मोठा भाग सोडला आणि संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे कंपनीचा ताबा गेला. नायट्रो तोच, डोंगर तोच, रस्ताही तोच. कर्जाचं ओझं उतरलं आणि तेच पार्क नफ्यात आलं.

मग पुढं काय?

पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचं काम हाती घेतलेलं आहे, त्यावर चौक स्टेशनही आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. म्हणजे घर ते गेट हे अंतर पुढच्या काळात कमी होणार. खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात उद्या आणखी पार्क निघाली तर नवल नाही.

त्या वेळी जाहिरातीत रोलर कोस्टरची उंची सांगितली जाईल. पण विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गाडी नसलेलं कुटुंब इथं कसं पोचणार? चौघांचा दिवस कितीत होणार? मंगळवारी कोण येणार? दुसऱ्या वर्षी कशासाठी येणार? आणि पार्क बांधलंय कोणाच्या पैशावर?

या पाचांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याचं गेट भरेल. नसतील तर खोपोली लोकलमधली पोरं आजच्यासारखीच चार स्टेशनं आधी, पळसदरीला उतरतील.