रोवणीची पायवाट आणि पायाखालचा साप



परवा वस्तीतल्या सात-आठ जणी मिळून जुन्या पायवाटेने बोडीपर्यंत चालत गेलो. सडक झाल्यापासून पोरं तिकडे फिरकत नाहीत, पण रोवणीला जाणाऱ्या बाईची वाट अजून तीच. पाऱ्यावर मुंगसाची जोडी दिसली, बोडीत पाणकोंबड्या, आणि ऐन वाटेवर सापाची ताजी कात. ती बघून सगळ्या थबकल्या.

आपल्या जिल्ह्यात एकीकडे नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल, 2013 पासूनचा व्याघ्र प्रकल्प. दुसरीकडे धानाच्या बांध्या, जिथे सारस अजून घरटं करतो. वाघ बघायला बाहेरून लोक जिप्सीत येतात. पण माणसं जास्त मरतात ती सापाने, आणि त्याची बातमी होत नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा अंदाज एका अभ्यासात आहे. बहुतेक खेड्यातली.

वर्षावास सुरू होतो तेव्हाच रोवणी रंगात येते. धानात बेडूक-उंदीर, त्यांच्या मागे नाग आणि घोणस, म्हणजे आपली परड. मण्यार मात्र रात्री घरात शिरते.

मी नोकरीत असताना पहाटे एका बाईला आणलं. सूज नाही, दाताची खूण नाही, नुसतं पोट दुखतं म्हणत होती. घरच्यांनी गॅस समजून ओवा दिला, मग मांत्रिकाकडे दोन तास गेले. माझ्यासमोर तिच्या पापण्या मिटत गेल्या. ती जमिनीवर झोपली होती. लस होती, श्वासाचं यंत्र नव्हतं. पुढे पाठवलं, वाटेतच गेली. म्हणून सांगते, जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे अचानक पोट दुखलं, डोळे जड झाले, तर आधी मण्यार आठवा.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. बांगड्या, जोडवी काढा. हातपाय मोडल्यावर बांधतो तसा तो अवयव फळीला सैल बांधा, माणसाला चालू देऊ नका, 108 ला फोन करा. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, परड तिघांवर एकच लस चालते, ती सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

गमबूट घाला म्हणणं सोपं आहे. चिखलात रोवणी करताना ते चालत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण अंधारात जाता-येता टॉर्च आणि काठी तरी असावी. काठी आपटत चाललं की साप बहुधा बाजूला होतो. रात्री बाजेवर, मच्छरदाणी खाली खोचून झोपा.

मोहफुलाच्या दिवसांत अस्वलाचं भय वेगळं. पहाटे एकटीने जाऊ नका, मोठ्याने बोलत जा. चावलं-ओरबाडलं तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, दवाखान्यात पिसाळाची लस घ्याच.

अपघाती मृत्यूवर 2 लाखांची गोपीनाथ मुंडे योजना सर्पदंशालाही लागू आहे, पण ती खातेदार शेतकऱ्याच्या घराला. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणाऱ्या भूमिहीन बाईचं नाव सातबाऱ्यावर कुठून येणार? ग्रामसभेत हा प्रश्न आपणच मांडायचा आहे.

आणि पाऊस लागायच्या आधी चार-पाच जणी मिळून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सर्पदंशाची लस किती आहे, रात्री डॉक्टर असतात का, श्वासाचं यंत्र जवळ कुठे आहे, एवढं विचारून विहाराच्या फलकावर लिहून ठेवा.