जुन्या लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड : बदल आणि शीतन

प्रस्तावना

पाच-सहा वर्षे वापरात असलेला लॅपटॉप मंदावला की दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारला जातो. भूगोल विभागात उपग्रहाने टिपलेली मोठी प्रतिमा उघडताना पडदा अडखळतो, त्रिमितीय आराखडा फिरविताना चित्र थबकते, आणि ‘याहून मोठे कार्ड बसवून मिळेल काय?’ अशी विचारणा दुरुस्तीच्या दुकानात होऊ लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे तांत्रिक अंगाने विवेचन केले आहे. बहुसंख्य जुन्या लॅपटॉपमध्ये पहिली अडचण चिपच्या गणनक्षमतेत नसून चिपमधील उष्णता बाहेर नेणाऱ्या मार्गात असते. हा मार्ग मोकळा न करता केलेला बदल खर्चिक असूनही निष्फळ ठरतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

कार्ड की चिप?

‘कार्ड’ हा शब्द टेबलावरील संगणकाच्या संदर्भात रूढ झाला. तेथे ते खाचेत बसते आणि दोन स्क्रू सैल केले की बाहेर येते. लॅपटॉपमध्ये मात्र बहुतेक वेळा असे सुटे कार्ड नसतेच. ग्राफिक्स चिप डाखाच्या शेकडो सूक्ष्म गोळ्यांनी मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. ती उतरवून दुसरी बसविणे विशेष यंत्राखेरीज शक्य नाही. शिवाय भोवतालची मेमरी, वीजपुरवठ्याचे परिपथ आणि बायॉस हे सर्व मूळ चिपसाठीच रचलेले असल्याने अधिक शक्तिमान चिप बसवून काही साधत नाही.

याला अपवाद एमएक्सएम या मानकाचा. एनव्हिडिया कंपनीने २००४ मध्ये पुढे आणलेल्या या मानकानुसार लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड सुटे असते व खाचेत बसते. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘अ’ प्रकारचे कार्ड ८२ × ७० मि.मी. आणि ‘ब’ प्रकारचे ८२ × १०५ मि.मी. आकाराचे आहे. डेलच्या प्रिसिजन मालिकेतील एम ४६०० व एम ४८०० या यंत्रांत अशी सुटी कार्डे आढळतात. त्याच वर्गातील लेनोव्होच्या थिंकपॅड डब्ल्यू ५२० मध्ये मात्र चिप मदरबोर्डवरच जोडलेली आहे. तात्पर्य, किंमत किंवा श्रेणी पाहून अनुमान बांधता येत नाही. त्या विशिष्ट प्रतिमानाची दुरुस्ती-पुस्तिकाच पाहावी लागते. थंडरबोल्ट ३ हे २०१५ मधील जोडणी-मानक ज्यांच्याकडे आहे, त्यांना कार्ड बाहेरून जोडता येते. परंतु त्याहून जुन्या यंत्रांना हा मार्ग फारसा उपयोगाचा नाही.

उष्णतेचा हिशेब

चिपचे तापमान ठरविणारे समीकरण अगदी साधे आहे. खोलीच्या तापमानात चिपने खर्चिलेली शक्ती आणि उष्णतामार्गाचा औष्णिक रोध यांचा गुणाकार मिळविला की चिपचे तापमान मिळते. समजा, ३२ अंश सेल्सिअसच्या खोलीत ४५ वॅटचे कार्ड पूर्ण भाराखाली ९२ अंशांवर स्थिरावते. म्हणजे ४५ वॅटमागे ६० अंशांची वाढ. रोध प्रतिवॅट सुमारे १.३३ अंश. आता त्याच हीटसिंकखाली ५५ वॅटचे ‘मोठे’ कार्ड बसविले, तर वाढ ७३ अंशांची होईल व तापमान १०५ अंशांवर जाईल. तेथवर ते प्रत्यक्षात पोहोचत नाही. चिप स्वतःच्या संरक्षणार्थ आपली वारंवारता घटविते आणि नवे कार्ड जुन्याच्याच गतीने चालू लागते. पैसे खर्च होतात; पडदा अडखळायचा तसाच अडखळतो.

आता दुसरी बाजू पाहू. सफाई करून व पेस्ट बदलून रोध प्रतिवॅट १ अंशावर आला, तर ३२ अंशांच्या खोलीत जुने कार्ड ७७ अंशांवर राहील. विदर्भातील मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या ४२ अंशांच्या खोलीतही ते ८७ अंशांपलीकडे जाणार नाही. रोध न घटविता त्याच खोलीत ते १०२ अंशांकडे धावले असते. थंड प्रदेशातील वापरकर्त्यांचे अनुभव वाचून कार्डाची निवड करणाऱ्यांनी हे दहा अंश हिशेबात धरणे अगत्याचे आहे. येथील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु तापमापनाच्या कोणत्याही मोफत आज्ञावलीच्या साहाय्याने प्रत्येकास आपल्या यंत्राचे आकडे काढता येतील.

रोध वाढतो कोठे?

चिपमधील उष्णता प्रथम पेस्टच्या थरातून तांब्याच्या पट्टीत, तेथून हीट पाइपमध्ये, मग पातळ धातुपट्ट्यांच्या जाळीत आणि अखेरीस पंख्याच्या हवेत जाते. हीट पाइप म्हणजे आतून सच्छिद्र अस्तर असलेली बंद नळी. तिच्यातील अल्पसे द्रव उष्ण टोकाशी वाफ होते, थंड टोकाशी पुन्हा द्रवरूप होते व अस्तरातून परतते. १९६३ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी हिला आजचे रूप दिले. या साखळीत हीट पाइप क्वचितच बिघडतो. बिघडतात ती दोन टोके.

पहिले टोक पेस्टचे. तांब्याची उष्णतावाहकता प्रतिमीटर प्रतिकेल्व्हिन सुमारे ४०० वॅट, तर हवेची अवघी ०.०२६. चिप व तांबे यांच्या पृष्ठभागांतील सूक्ष्म खळग्यांत हवा राहू नये, एवढ्यासाठीच पेस्ट असते. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने ती सुकते, कडेला सरकते आणि मध्यभाग उघडा पडतो. दुसरे टोक जाळीचे. पंखा व जाळी यांच्या मधल्या फटीत धूळ आणि कपड्यांचे तंतू यांचा नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून फुंकर मारल्यास तो आत पंख्यावर ढकलला जातो, निघत नाही. त्यासाठी पंखा उघडणेच भाग असते. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. अन्यथा ती बेफाम फिरून बेअरिंग खराब होते.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी अल्प प्रमाणात लावावी. हीटसिंकचे स्क्रू एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. मेमरी-चिपवरील मऊ पॅड बदलताना मूळची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे घ्यावेत. अर्धा मिलिमीटर जाड पॅड टाकल्यास हीटसिंक मुख्य चिपवरून उचलला जातो. ‘नवी पेस्ट लावूनही तापमान वाढले’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. गॅलियमयुक्त द्रवधातू ॲल्युमिनियमला कुरतडतो व विद्युतवाहकही असतो. लॅपटॉपमध्ये त्याच्या वाटेला न जाणे इष्ट.

चिप भाजण्याचा ‘उपाय’

पडद्यावर रेषा उमटू लागल्यास चिपला उष्ण हवेने भाजून देणारी दुकाने अद्याप आहेत. हा उपचार यंत्र विकण्यापूर्वीच्या रंगरंगोटीच्या योग्यतेचा आहे. सिलिकॉन व त्याखालील पट्टी यांचे प्रसरण असमान असते. पट्टी कित्येक पटींनी अधिक पसरते, आणि प्रत्येक तापण्या-निवण्यागणिक मधल्या सूक्ष्म जोडांवर ताण येतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपच्या बांधणीतील सदोष साहित्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. तो दोष चिपच्या वेष्टनातला होता. अशा चिपला भाजल्याने तुटलेला जोड काही दिवस टेकतो, साहित्य मात्र बदलत नाही. उलट, तापमानातील चढउतार आरंभापासून मर्यादित ठेवल्यास असे जोड अधिक काळ टिकतात.

बदल केव्हा करावा?

प्रिसिजन एम ४८०० हे २०१३ मधील यंत्र यासाठी उद्बोधक आहे. त्यातील क्वाड्रो के ११००एम कार्डात ३८४ गणनघटक असून ते ४५ वॅटचे आहे. के २१००एम मध्ये ५७६ घटक असून ते ५५ वॅटचे आहे. कागदावर ही दीडपट वाढ आकर्षक वाटते. परंतु दोन्ही चिप केप्लर या एकाच पिढीच्या आहेत. कूडा या गणनप्रणालीने २०२० मधील अकराव्या आवृत्तीपासून या दोन्हींचा आधार काढून घेतला आणि या पिढीसाठीची चालक-आज्ञावलीची शाखा २०२४ मध्ये थांबली. अर्थात, यंत्र-अध्ययनासाठी ही अदलाबदल निरर्थक होय. जुन्या आवृत्तीच्या आराखडा-प्रणालीवर काम करणाऱ्यास तिचा लाभ होईल, तोही उष्णतेचा वरील हिशेब जुळल्यास. यापुढील पिढ्यांचे कार्ड बसविताना बायॉसची ओळख, हीटसिंकच्या छिद्रांची जागा, मेमरी-चिपची मांडणी आणि अडॅप्टरची क्षमता या चारही बाबी जुळाव्या लागतात. विक्रेता यांपैकी एकीचीही लेखी हमी देत नसेल, तर व्यवहार टाळावा.

कार्ड पूर्णतः निकामी झाले असता त्याच क्रमांकाचे कार्ड बसविणे, हा मात्र निःसंशय योग्य बदल आहे. तत्पूर्वी व तदनंतर एकाच खोलीत, एकच काम अर्धा तास चालवून तापमान, वारंवारता व पंख्याची गती यांची नोंद वहीत करावी. खोलीचे तापमानही त्याच ओळीत लिहावे.