वार पडेपर्यंत

बाळ रडलं की घरचे पेढ्यांच्या मागे लागतात. सुईणीचं लक्ष मात्र नाळेकडे. वार पडल्याशिवाय बाळंतपण झालं असं ती म्हणत नसे, आणि तिचं बरोबरच होतं.

वार सहसा अर्ध्या तासाच्या आत आपसूक सुटते, कारण ती गर्भाशयाच्या स्नायूला थेट चिकटलेली नसते. मध्ये अस्तराची मऊ गादी असते. या अस्तराचा वरचा थर दर पाळीला झडतो आणि खालच्या पायाच्या थरातून पुन्हा उगवतो. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर पिशवी साफ करताना हा पायाच खरवडला गेला, तर समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटतात. पाळी तुटपुंजी होते किंवा बंदच पडते. जोसेफ अशरमन यांनी 1948 मध्ये अशा रुग्णांवर सविस्तर लिहिलं, म्हणून हा विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे आणखी एक कारण डोकावतं : गर्भाशयाचा क्षयरोग. त्यातून झालेले व्रण तर फारच चिवट.

उपचार दुर्बिणीतून होतो. पेनाहून बारीक नळी गर्भाशयाच्या मुखातून आत जाते, सलाइनने पोकळी फुगवली जाते आणि इवल्याशा कात्रीने भिंतींना जोडणारे पडदे कापले जातात. ते पुन्हा जुळू नयेत म्हणून काही दिवस फुगा किंवा तांबी ठेवतात, इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात. पाळी परतते, पुष्कळ जणींना दिवसही जातात.

पण कात्री जागा मोकळी करते, अस्तर पेरत नाही. जिथे गादी विरळ राहिली, तिथे वारेची मुळं थेट स्नायूत शिरू शकतात. मग प्रसूतीनंतर ती सुटत नाही, किंवा तुकड्या-तुकड्याने सुटते. दिवस भरताना गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं, हे लक्षात घेतलं की पुढचं सांगावं लागत नाही. कधी जीव वाचवायला पिशवीच काढावी लागते. गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोकाही वाढतो. शस्त्रक्रियेत भिंतीला भोक पडलं असेल, तर पुढच्या गरोदरपणात तिथेच फाटण्याची शक्यता थोडी असली तरी असते.

सिझेरियनच्या व्रणावर रुजलेली वार सोनोग्राफीत बऱ्याचदा ओळखू येते, कारण कुठे पाहायचं ते ठाऊक असतं. अशरमनच्या रुग्णात मात्र ती मागच्या भिंतीला किंवा वरच्या घुमटातही रुजू शकते, म्हणून निसटते. डॉक्टरला संशय यायचा तर जुना इतिहास कळायला हवा. आणि आपल्याकडे घोडं नेमकं तिथेच अडतं. दुर्बिणीचं ऑपरेशन पुण्या-मुंबईत होतं, सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी जाते, फाइल सासरच्या कपाटात राहते. तालुक्याच्या डॉक्टरने विचारलंच, तर सोबत आलेली आई सांगते, "नाही हो, ऑपरेशन-बिपरेशन काही नाही." पोटावर टाका नाही, मग ते ऑपरेशन कसलं! आधीच्या क्युरेटिंगबद्दल तर तिलाही कुणी सांगितलेलं नसतं.

वास्तविक त्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची एवढी एक ओळ केसपेपरवर असली, तर रक्ताच्या बाटल्या आधी मागवून ठेवता येतात, भूलतज्ज्ञ हजर राहतो, किंवा वेळ असतानाच तिला जिल्ह्याला पाठवता येतं.