वाड्यातलं माजघर, फुटाला इंच मापात

व्हिडिओत छोटा झोपाळा जोडताना पाहिलात. आता अख्खी खोली सजवायची कशी आणि विकायची कितीला, ते बघू.

आधी साल ठरवा. समजा १९१०. मग भिंतीवर विजेचं बटण नको. कोनाड्यात पणती, खुंटीला कंदील आणि राजा रविवर्मांच्या लक्ष्मीची तसबीर चालेल. त्यांचा छापखाना १८९४ चा, तोवर ती चित्रं बऱ्याच घरांत पोचली होती.

माप फुटाला एक इंच. इथेच बरेच जण फसतात. भातुकलीतली दोन इंची पितळी कळशी गोड दिसते, पण या खोलीत ती दोन फुटी पिंप होते! इंचभरच हवी. लाकूडही बारीक रेषांचं घ्या. दांडीवरचं लुगडं ताठ उभं राहत असेल तर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, चुण्या पाडून वाळवा. पणतीच्या वर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळा, हुबेहूब काजळी दिसते.

आता पैसे. समजा साहित्य १,२०० रुपये, पॅकिंग ३०० आणि काम ३० तास. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, अडीच हजारात द्या ना," आणि तुम्ही दिलंत, तर उरले हजार. म्हणजे तासाला ३३ रुपये! तासाचे नुसते १०० धरले तरी किंमत ४,५०० होते. तेवढे कोणी देत नसेल तर झोपाळा, फडताळ, तसबीर सुटं विका. अख्खी खोली फक्त ऑर्डरवर, आणि निम्मे पैसे आगाऊ घेऊनच.