पन्नास मिनिटांचं अंतर, दीड तासाचं तिकीट

भोपाळहून मुंबईला विमानाने किती वेळ लागतो, याचं उत्तर तिकिटावर छापलेलंच असतं: साधारण दीड तास. नकाशावर पट्टी ठेवली, तर राजा भोज विमानतळापासून मुंबई जेमतेम 660 किलोमीटर. एअरबस ए-320 उंचीवर पोचलं की ताशी 830 किलोमीटरच्या आसपास पळतं. भागाकार केला तर पन्नास मिनिटंही भरत नाहीत. मग उरलेला वेळ जातो कुठे? खिडकीशी जागा मिळाली की मी घड्याळ हातात घेऊन त्याचा माग काढत बसतो.

वेळापत्रकाचा वेळ उड्डाणापासून धरत नाहीत. चाकाखालचे ठोकळे, म्हणजे चॉक, काढून विमान हललं की तो सुरू होतो आणि मुंबईत जागेवर उभं राहून चॉक लागले की संपतो. भोपाळला ट्रॅक्टर विमान मागे ढकलतो. मग हेडफोनवाला कामगार बाजूला येऊन हात उंच करतो. हातात लाल फीत लटकणारी छोटीशी पिन असते. ढकलताना पुढच्या चाकाचं स्टिअरिंग मोकळं ठेवणारी ही पिन काढली, आता विमान तुमच्या ताब्यात, असं तो वैमानिकाला दाखवतो. पुढे रांग बहुधा नसतेच. लहान विमानतळाचं हे सुख मोठ्या शहरवाल्यांना कळायचं नाही.

वर चढताना 830चा आकडा विसरायचा. दहा हजार फुटांखाली 250 नॉटची मर्यादा, म्हणजे ताशी साडेचारशे किलोमीटरच्या थोडं वर. त्यात धावपट्टीची दिशा उलटी असली की वळसा आलाच. नकाशावर पट्टीने आखलेली रेघ ओंकारेश्वरजवळ नर्मदा ओलांडते, अमळनेरच्या आसपास निम्मी होते आणि नाशिकवरून मुंबईत उतरते. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, नेमकं या रेघेवरून नाही. तरी रेल्वेच्या मानाने ते सरळच. इटारसी-भुसावळवरून लोहमार्ग 837 किलोमीटरचा आहे आणि पंजाब मेल त्यात अख्खी रात्र घालवते. हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे मुंबईकडे जाताना समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. काही मिनिटांचा फरक तिथेच पडतो.

खरा वेळ खाते मुंबई. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची, आणि तासाला चाळीसहून जास्त विमानं चढतात-उतरतात. नियंत्रक आधी वेग कमी करायला सांगतो, मग वळवतो, तरी जागा नसेल तर घिरट्या. एक फेरा साधारण चार मिनिटांचा. घोषणा होण्याआधीच ते कळतं: मांडीवरचं ऊन पुढच्या सीटच्या पाठीवर सरकतं, पलीकडच्या रांगेत जातं आणि फिरून मांडीवर येतं. पर्यायी विमानतळ गाठण्याइतकं आणि वर अर्ध्या तासाचं राखीव इंधन टाकीत असतंच, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

कंपन्यांना हे सगळं ठाऊक असतं. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ धरतात, तरीही त्या छापील वेळेत सैलपणा ठेवतात. रांग लागली नाही की विमान लवकर उतरतं आणि ‘वेळेआधी पोचलो’ अशी घोषणा होते. स्वतःच वाढवून सांगितलेल्या वेळेआधी पोचण्याचं हे कौतुक मला काही पटत नाही. शिवाय लवकर आलेल्या विमानाला कित्येकदा उभं राहायला जागाच नसते. ते टॅक्सीवेवर थांबतं, मंडळी उठून वरच्या कप्प्यांतल्या बॅगा ओढू लागतात, कर्मचारी त्यांना पुन्हा बसवतात आणि छापील दीड तासातली उरलेली मिनिटं तिथे भरून निघतात.